घोरणे, घसा आणि जिभेचा व्यायाम
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्यक शाखेचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे कोणत्याही उपचाराकडे पाहताना माझी दृष्टी प्रथम जमाखर्चाकडे वळते. आज ज्या उपचाराविषयी बोलणार आहे, त्याच्या खर्चाच्या बाजूस पैसा जवळजवळ नाही. आहे ती रोजची शिस्त. म्हणूनच त्याची जमेची बाजू अधिक काटेकोरपणे तपासणे अगत्याचे ठरते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ व मऊ टाळू मागे सरकून श्वासमार्ग अरुंद होतो, क्वचित पूर्ण मिटतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास अडतो, मेंदू दचकतो, पुन्हा घोरणे सुरू होते. यालाच डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. श्वास अडण्याचे वा मंदावण्याचे प्रसंग ताशी 5 ते 15 असल्यास आजार सौम्य, 15 ते 30 असल्यास मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. घरच्यांना ते ‘गाढ झोप लागली’ असे वाटते. प्रत्यक्षात तो मनुष्य रात्रभर झगडत असतो आणि दिवसा वाहन चालवताना पेंगतो. रक्तदाब व हृदयविकाराशीही या आजाराचे नाते आहे.

यावरील प्रमुख उपचार म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये त्याची उपयुक्तता दाखवून दिली. परंतु यंत्राची किंमत सर्वांना पेलत नाही आणि मुखवटा सर्वांना सोसत नाही. अशांसाठी व्यायामाचा विचार पुढे आला.

ब्राझीलमधील साओ पावलो येथे मध्यम आजाराच्या 31 रुग्णांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने रोज सुमारे अर्धा तास व्यायाम करणाऱ्या गटात ताशी प्रसंगांची सरासरी 22.4 वरून 13.7 वर आली. वजन मात्र बदलले नव्हते. 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले असता प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. आपल्या देशात जयपूर येथे 30 रुग्णांवर शंखवादनाचा प्रयोग झाला. त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

व्यायाम सोपे आहेत. जिभेचे टोक टाळूच्या पुढील भागास टेकवून जीभ मागे सरकवणे; संपूर्ण जीभ टाळूस चिकटवून वर ओढून धरणे; टोक खालच्या दातांना टेकवून जिभेचा मागील भाग खाली दाबणे; आणि ‘आ’ म्हणत पडजीभ वर उचलणे. प्रत्येक व्यायाम वीस वेळा. त्यानंतर गालात बोट घालून, गाल आत ओढून ते बोट दाबणे, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. घास दोन्ही बाजूंनी आलटून पालटून चावावा. पद्धत प्रथम वाक्-उपचारतज्ज्ञांकडून शिकून घ्यावी.

आता खर्चाची बाजू. हे अभ्यास लहान आहेत आणि निम्मी घट म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. ताशी चाळीस प्रसंग असणाऱ्याचे वीस झाले, तरी आजार मध्यम राहतोच. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणून श्वास अडणे थांबले, असेही समजू नये. यास्तव सीपॅप वापरणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना यंत्र कदापि बंद करू नये.

याचाच अर्थ असा की, व्यायाम फुकट असला तरी त्याचे मोजमाप फुकट नाही. आरंभी एक व तीन महिन्यांनी दुसरी, अशा दोन निद्राचाचण्या झाल्याविना लाभ झाला की नाही हे कळणार नाही. गरीब रुग्ण नेमका येथेच अडतो. तो व्यायाम करतो, पण अंधारात. देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे की, मोठ्या यंत्रसामग्रीबरोबरच या दोन चाचण्यांचा भारही त्यांनी उचलावा. हिशेब तपासल्याविना ताळेबंदावर सही करू नये, हे आमच्या शाखेचे सूत्र. आरोग्यासही ते तितकेच लागू आहे.