'रीड' म्हणजे फक्त वाचणं नव्हे



आज इंग्रजीतलं एक साधं क्रियापद घेऊ या.
'रीड'. म्हणजे वाचणं.

हजार वर्षांपूर्वी त्याचं रूप होतं 'रॅडन'.
त्याचा अर्थ होता सल्ला देणं.
गूढ गोष्टीची उकल करणं, हाही अर्थ होता.
त्यातूनच पुढे लिहिलेल्याचा अर्थ लावणं आलं.

लक्षात घ्या, आधी सल्ला आणि उकल.
वाचन त्यानंतर.

कोड्याला इंग्रजीत 'रिडल' म्हणतात.
तो शब्दही याच कुळातला.

इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये एक प्राचीन हस्तलिखित आहे.
त्यात 90हून अधिक कोडी आहेत.
एक कोडं आहे पुस्तक कुरतडणाऱ्या कसरीवर.
शब्द पोटात गेले, तरी ती शहाणी होत नाही!
मला हे कोडं फार आवडतं.

आता याच शब्दाशी जोडलेल्या एका राजाची गोष्ट.
इंग्लंडचा एथेलरेड. 1016 साली तो वारला.
त्याच्या नावाचा अर्थ, थोर सल्ला.
डेन्मार्कच्या डेन लोकांचे हल्ले त्याला थोपवता आले नाहीत.
पुढे लोकांनी त्याला टोपणनाव दिलं, 'अनरॅड'.
म्हणजे, ज्याला धड सल्ला मिळाला नाही असा.

कालांतराने त्याचं झालं 'अनरेडी'.
मग लोक समजू लागले, राजा तयारीत नव्हता.
बिचाऱ्यावर हा अन्यायच झाला.
दोष तयारीचा नव्हता, सल्ल्याचा होता.

सल्ला आणि उकल, हे जुने अर्थ.
त्यातली उकल अजून टिकून आहे.
इंग्रजीत आजही हस्तरेषा 'रीड' करतात,
आणि समोरच्याचं मनही.