राज्यपाल निवडून आले असते तर...

बदलापूर गावाच्या नावाची एक कथा जुनी माणसे सांगतात. दूरवरून आलेल्या स्वाराने इथे आपला घोडा बदलायचा आणि पुढची वाट धरायची, म्हणून हे बदलापूर. घोडा वाईट म्हणून नव्हे, टप्पा संपला म्हणून बदलायचा. सत्तेच्या खुर्चीलाही असा टप्पा असावा का?

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक निवडतात. व्हर्जिनियात तर त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभेच राहता येत नाही. म्हणून २०२५च्या निवडणुकीत पदावर असलेले ग्लेन यंगकिन उमेदवार नव्हते. अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर निवडून आल्या.

आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. पण आपल्याकडेही निवडणुकीचा विचार झाला होता, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. १९४७मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडावा, अशी शिफारस केली होती. १९४८च्या घटनेच्या मसुद्यात, त्याला फक्त एकदाच पुन्हा निवडून येता येईल, असेही कलम होते.

मे १९४९च्या अखेरीस घटना समितीने हे सारे बदलले. राज्यपाल आणि मुख्यमंत्री दोघेही लोकांचा कौल सांगू लागले, तर भांडण अटळ, हे मुख्य कारण. डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद सरळ होता : राज्यपालांचे अधिकार नाममात्रच असतील, तर निवडणुकीचा खर्च नि खटाटोप कशाला? निवडणूक गेली आणि तिच्याबरोबर मुदतीची ती मर्यादाही गेली. आज राज्यपालांची मुदत साधारणपणे पाच वर्षांची. पण राष्ट्रपतींची मर्जी असेतोवरच. फेरनेमणुकीला आडकाठी नाही.

मात्र अधिकार खरोखर नाममात्र राहिले का? जून २०२२मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितले. ते समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये म्हटले. तोवर सरकार बदलून वर्ष होत आले होते. नेमणुकीचा आधारच डळमळीत व्हावा, असा हा प्रसंग.

नेमलेल्या कारभाराचा अनुभव बदलापूरकरांना घरबसल्या मिळाला. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत २०२०मध्ये संपली. निवडणूक झाली डिसेंबर २०२५मध्ये. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती. पाणी आले नाही, तर ज्याच्या दारात जाऊन जाब विचारायचा, तो नगरसेवकच नव्हता. प्रशासक कितीही चांगला असो, त्याला मते मागायला आपल्या दारी यायचे नसते.

राज्यपाल थेट निवडावेत, असे माझे म्हणणे नाही. घटना समितीची भीती खोटी नव्हती. पण मसुद्यातून गळालेली ती मर्यादा नेमलेल्या राज्यपालांनाही घालायला काय हरकत आहे? आणि नगरपालिकेच्या बाबतीत तर नवा नियमही नको. आहे तो पाळला, निवडणूक वेळेवर घेतली, तरी पुरे.