काम मिळणे आणि काम टिकणे

(विश्रांतवाडी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. हंगामी, छुपी, संरचनात्मक असे बेकारीचे प्रकार मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. परंतु विश्रांतवाडीतील माझ्या शेजारच्या एका तरुणाची बेकारी त्यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हिशेबात चोख आहे आणि स्वमग्न आहे. आठ वर्षांत त्याला चार नोकऱ्या मिळाल्या व चारही सुटल्या. त्यांतली एकही हिशेबातील चुकीमुळे सुटली नाही. एके ठिकाणी त्याची बसण्याची जागा सारखी बदलली जाई. दुसरीकडे तिघे जण एकाच वेळी तोंडी हुकूम सोडीत. तिसरीकडे 'मिसळत नाही' असा शेरा मिळाला. आळंदी रस्त्यावरील भोंग्यांच्या कल्लोळातून, खचाखच भरलेल्या बसने तो कचेरीत पोचे, तेव्हाच त्याची निम्मी शक्ती सरलेली असे. चौथी नोकरी त्याने स्वतःच सोडली.

'स्वमग्न' हा शब्द थोडी दिशाभूल करतो. अशा व्यक्तीला माणसे नकोशी असतात असे नाही. माणसांचे न बोललेले संकेत तिला चटकन उमगत नाहीत, आणि आवाज, प्रकाश, आकस्मिक बदल यांचा ताण आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक होतो. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत या स्थितीचे वर्णन केले ते मुलांच्या संदर्भात. त्यानंतरही चर्चा बहुतांशी मुलांचीच होत राहिली. ही मुले मोठी होतात आणि त्यांनाही पोट असते, याचा आपल्याला विसर पडला.

दोष केवळ मालकांचा नाही. तोंडी परीक्षेत माझ्या डोळ्याला डोळा न देणाऱ्या, प्रश्नाचे उत्तर अगदी शब्दशः देणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी स्वतः कमी गुण दिले होते. त्याची लेखी उत्तरपत्रिका वर्गात सर्वोत्तम होती. मी त्याचे अर्थशास्त्र तपासले नाही, त्याची वागणूक तपासली. नोकरीच्या मुलाखती आजही हेच करतात.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले व सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या. त्यांतील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे, आणि त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. ही तरतूद प्रवेशाचे दार किलकिले करते. आत गेल्यावर माणूस टिकला की नाही, हे टक्केवारीत मोजले जात नाही.

महाराष्ट्राला कामाच्या हक्काची परंपरा आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीने लाखो हातांना काम दिले आणि १९७७ मध्ये त्या हमीचा कायदा झाला. परंतु ते काम खडी फोडण्याचे, माती वाहण्याचे होते. काम ठरलेले होते, माणसाने त्यात बसावयाचे होते. पुढची पायरी अशी की, कामानेही माणसाकडे थोडे सरकावे.

हे सरकणे फार महाग नसते. गेले दीड वर्ष तो तरुण एका छोट्या पतसंस्थेत टिकून आहे. त्याला भिंतीकडेची कायमची जागा दिली, सूचना कागदावर व एकाच वरिष्ठाकडून येतात, आणि गर्दी टाळण्यासाठी तो तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जातो. खर्च झाला तो एका वहीचा. मात्र हे सारे तेथील व्यवस्थापकांच्या भलेपणावर उभे आहे, आणि ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. त्याच्या आईची झोप त्या तारखेने उडवली आहे. भल्या माणसाच्या कृपेला आपण हक्क म्हणू शकत नाही.

डेन्मार्कमध्ये २००४ साली प्रामुख्याने स्वमग्न व्यक्तींना संगणकाच्या कामावर घेणारी एक कंपनी निघाली. तिचे स्वागतच आहे. परंतु ज्याच्यापाशी असा दुर्मीळ गुण नाही, जो गठ्ठे बांधील, रोपांना पाणी घालील, त्याचे काय? माणसाचा कामावरील हक्क त्याच्या अलौकिक बुद्धीवर ठरू लागला, तर आपण समाजवादाची भाषा बोलू नये हे बरे.

म्हणून माझे सांगणे कामगार संघटनांना आहे. पगार, बोनस, रजा यांच्या मागणीपत्रात आणखी एक कलम घाला : लेखी सूचना, ठरलेली जागा, शांत कोपरा आणि बदलाची आगाऊ कल्पना. २०१६ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. ते आपल्या कारखान्यात, बँकेत, पतसंस्थेत आहे काय, हे विचारा. नसेल तर मागा. आपल्याच संस्था आधी तपासा.

आमच्या शेजारच्या पतसंस्थेपासून सुरुवात करू या. त्या तरुणाला मिळालेल्या चार सवलती मार्चपूर्वी संचालक मंडळाच्या ठरावात नोंदविल्या गेल्या पाहिजेत. त्यासाठीचा अर्ज मी लिहून आणला आहे. मात्र तो पुढे पाठविण्यापूर्वी त्या तरुणाने वाचला आहे, आणि दोन ठिकाणी माझी भाषा दुरुस्त केली आहे. बैठक संपल्यावर त्यावर सह्या कराव्यात, ही विनंती.