आठ मोजेपर्यंत थांबा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला छंदाविषयी पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. आठवडाभर मी ठाण्याच्या ऑफिसात कोड लिहिते आणि रविवारी पहाटे डोंबिवलीला मोठागावच्या खाडीवर रॉड घेऊन उभी असते. शाळेत डब्यात जिताड्याची तुकडी आणणारा आपला वर्गमित्र तिसऱ्या रांगेत बसलाय. आजचं बोलणं खरं तर त्याला द्यायचं उत्तर आहे.

जिताडा म्हणजे एशियन सी बास. त्याच्यासाठी मी बुडणारा मिनो वापरते. मिनो हा छोट्या माशासारखा दिसणारा नकली मासा. फिनलंडच्या लौरी रापाला या कोळ्याने १९३६ साली असाच एक मासा बुचातून कोरला. जखमी मासा लडखडत पोहतो आणि शिकारी त्यालाच आधी गाठतो, हे त्याने पाहिलं होतं. त्याचा मिनो तरंगायचा, माझा बुडतो.

निवडताना मी तीन गोष्टी बघते. लांबी साधारण ९ ते ११ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या खाडीतल्या लहान बोयएवढी. रंग सोनेरी किंवा पोपटी, कारण पाणी गढूळ असतं. आणि बुडण्याचा वेग. माझा मिनो सेकंदाला साधारण फूटभर खाली जातो.

सुरुवातीला मी फेकला की लगेच रीळ फिरवायची. मासा खाली आणि माझा मिनो वर! आता आधी मोजते. दोरी सैल पडली की तो तळाला लागला. दहाला लागला, तर पुढच्या वेळी आठला ओढायला लागते. नाहीतर तळातली पिशवी तरी येते किंवा मिनो कांदळाच्या मुळात अडकतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचं, दोन झटके, मग क्षणभर थांबायचं. जिताडा बहुधा त्या थांबण्यातच तोंड मारतो. ओहोटीला खाजणातलं पाणी उतरतं, त्याबरोबर बोय आणि कोळंबी बाहेर येते. त्या तोंडाशी उभं राहावं.

दोन वर्षांपूर्वी तिथेच एक मोठा जिताडा लागला. त्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. माझी बारीक दोरी तुटली आणि तो मिनोसकट गेला. आपल्या ग्रुपवर मी ते गंमत म्हणून लिहिलं. सगळे हसले. याने एवढंच लिहिलं : ‘तू घरी गेलीस. तोंडात सहा टोकं घेऊन तो कुठे गेला?’

त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगलं. मी सुट्टीचा वेळ घालवायला तिथे गेले होते. तेव्हा मी काहीच लिहिलं नाही.

मित्रा, आज सांगते. मिनोचे तीन टोकांचे दोन्ही गळ मी काढले. आता एकेरी गळ लावते आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकते. दोरीच्या टोकाला जाड नायलॉन बांधते. जिताडा बहुधा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणून मोठा मिळाला तर पाण्यातच सोडते. त्यामुळे काही मासे सुटतात. सुटू देत.

पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळी येशील? आठ कुठे मोजायचे, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार.