पोलिसांनी सांगितले, आपण छापले



व्यावसायिक फुटबॉल संघाचे वार्तांकन म्हटले की आपल्या क्रीडा पत्रकारांच्या डोळ्यांपुढे सामने, खेळाडूंचे करार, प्रशिक्षकांची उचलबांगडी एवढेच येते. आज मी लिव्हरपूलविषयी बोलणार आहे, पण त्याच्या खेळाविषयी नव्हे. त्या संघाच्या प्रेक्षकांबद्दल जे छापले गेले, त्याविषयी.

15 एप्रिल 1989. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबली, म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. मात्र आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढे लोखंडी कुंपण, मागून लोंढा. माणसे उभ्या उभ्या गुदमरली. मृतांची संख्या अखेर 97 झाली. त्यातली शेवटची नोंद 2021 मधली आहे. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी त्याच दुपारी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितले, की प्रेक्षकांनीच फाटक फोडले. मृतांची ओळख पटण्याआधीच हे खोटे प्रसारित झाले.

चार दिवसांनी 'द सन' या ब्रिटिश वृत्तपत्राने पहिल्या पानावर 'द ट्रुथ' असा मथळा दिला. संपादक होते केल्व्हिन मॅकेन्झी. मथळ्याखाली तीन आरोप होते: प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, जखमीला तोंडाने श्वास देणाऱ्या हवालदाराला मारले. हा मजकूर आला कुठून? शेफिल्डच्या एका वृत्तसंस्थेकडून. तिला तो दिला होता नाव न सांगणाऱ्या पोलिसांनी आणि तिथल्या एका खासदाराने. इतर काही वृत्तपत्रांनीही हेच आरोप छापले, फक्त 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' एवढी पुस्ती जोडून. मित्रहो, ही पुस्ती मला पुरेशी वाटत नाही. जिवंत परतलेले हजारो साक्षीदार लिव्हरपूलमध्ये आपापल्या घरी होते. त्यांचे दार वाजवायला कितीसा वेळ लागला असता?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हेच मुख्य कारण ठरवले. तरीही प्रेक्षकांवरचा तो डाग पुसला गेला नाही. 2012 मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघड केली, तेव्हा पोलिसांच्या 164 जबाबांत फेरफार झाल्याचे दिसले. 2016 मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे ठरवले आणि प्रेक्षकांना निर्दोष म्हटले. दुसऱ्या दिवशी 'द सन'च्या पहिल्या पानावर ही बातमी नव्हती. ज्या पानावर आरोप केला, त्याच पानावर निर्दोष ठरल्याची बातमीही द्यायची, एवढी साधी रीत त्या दिवशी पाळली गेली नाही.

2017 मध्ये लिव्हरपूल क्लबने 'द सन'च्या पत्रकारांना मैदानावर आणि सराव केंद्रावर प्रवेश बंद केला. एरवी पत्रकारांना दार लावणाऱ्या क्लबच्या मी ठामपणे विरोधात आहे, कारण उद्या टीका आवडली नाही म्हणूनही ते दार लागेल. पण इथे क्लबने टीकेवर राग धरला नव्हता. आईबापांनी सत्तावीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्या बाजूने तो उभा राहिला. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

आपल्याकडेही चेंगराचेंगरीची पहिली बातमी नियंत्रण कक्षातून येते, आणि 'गर्दी बेकाबू झाली' हे वाक्य तिच्यासोबतच येते. फाटके किती उघडी होती, तिकिटे किती विकली, पोलीस कुठे उभे होते, हे त्या वाक्यात नसते. ते विचारणे हे क्रीडा पत्रकाराचेच काम आहे, कारण मैदानाची दारे आपल्याइतकी गुन्हे वार्ताहराला ठाऊक नसतात. म्हणून इथल्या तरुण वार्ताहरांना माझी कळकळीची विनंती आहे. असा प्रसंग आला, तर बातमी पाठवण्याआधी त्या स्टँडमधून बाहेर पडलेल्या निदान दोन प्रेक्षकांशी बोला आणि त्यांचे म्हणणे पोलिसांच्या म्हणण्याच्या वर छापण्याचा आग्रह संपादकांकडे धरा.