बालकांचा उलटणारा मूत्रपिंडविकार आणि प्रतिपिंडांचा उपचार
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसले की दृष्ट लागली असे समजून आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. पुढे पाय सुजतात, पोट फुगते. अशा वेळी मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्तातील प्रथिने लघवीवाटे निसटत असण्याचा संभव असतो. या विकारास नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात.

स्टिरॉइडने बहुतेक मुलांची सूज उतरते. परंतु पुष्कळांचा आजार पुनःपुन्हा उलटतो. दर वेळी तेच औषध वाढवावे लागल्याने मुलाची उंची खुंटते आणि हाडे दुबळी होतात. त्यातून मार्ग काढण्यासाठी प्रतिपिंडांचा उपचार पुढे आला. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड रक्तातील बी पेशींना वेचून नष्ट करते. मुळात कर्करोगासाठी निघालेल्या या औषधाची निर्मिती 2007 पासून आपल्या देशातही होत आहे.

कोलकाता येथे 120 मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची तुलना टॅक्रोलिमस या औषधाशी करण्यात आली. वर्षभरात आजार उलटला नाही अशी मुले रिटुक्सिमॅबच्या गटात शेकडा 90, तर दुसऱ्या गटात शेकडा 63 होती.

मग त्याहून नवे, संपूर्ण मानवी घडणीचे ओफाटुमुमॅब अधिक गुणकारी ठरेल काय? इटलीत दोन्ही औषधांची तुलना झाली. प्रत्येक गटात 70 रुग्ण होते. 2021 च्या अहवालानुसार वर्षभरात नव्या औषधाच्या गटात 37 जणांचा, तर जुन्याच्या गटात 36 जणांचा आजार उलटला. नवे ते सरसच, हा समज येथे टिकला नाही.

या आकड्यांत आपणासाठीही एक बोध आहे. औषध कोणतेही असो, आजार पुन्हा उलटू शकतो. म्हणून घरी सकाळच्या लघवीची पट्टीने तपासणी करून नोंद ठेवणे अगत्याचे आहे. स्टिरॉइड परस्पर बंद करू नये. बी पेशी घटल्याने जंतुसंसर्गाचे भय वाढते. तेव्हा ताप आल्यास विलंब नको, आणि लस डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

सुजलेल्या चेहऱ्याचे मूल वर्गात दिसल्यास शिक्षकांनी पालकांना बोलवावे. गाडीभाड्यावाचून कोणाची तपासणी अडत असेल, तर पंचायतीने पुढे व्हावे. औषधाची निवड डॉक्टर करतील. मूल त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे, हे मात्र आपले काम आहे.