हाताची ओढ आणि शाखेची निवड

(दहावी-बारावीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



तंत्रनिकेतनात अध्यापन करीत असताना एका पालकांनी मला विचारले होते, ‘‘मुलगा विहिरीवरचा पंप स्वतः उघडून दुरुस्त करतो. कोणती शाखा घ्यावी?’’ क्षणाचाही विचार न करता मी ‘यंत्र अभियांत्रिकी’ असे उत्तर दिले. तो मुलगा कार्यशाळेत सर्वांच्या पुढे असे. गणितात मात्र दोनदा अनुत्तीर्ण झाला आणि शिक्षण सोडून गेला. त्याला काय आवडते हे मी ऐकले होते, त्यातले नेमके काय आवडते हे विचारले नव्हते. ती चूक माझी होती.

तो प्रश्न आज आपण स्वतःला विचारावा. वस्तू अचूक घडविण्यात आनंद वाटतो, की बिघाडाचे कारण शोधण्यात, की नवी वस्तू कागदावर आखण्यात? घडविण्याची ओढ असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम हाताला वळण लावतात. हात आणि सिद्धान्त यांची सांगड हवी असेल, तर तीन वर्षांची पदविका आहे. पदवीचा भर मात्र उष्मागतिकी, पदार्थांचे सामर्थ्य, यंत्र-संकल्पन यांवर असतो. तेथे लेथपेक्षा गणिताशी अधिक गाठ पडते.

पालकांना एक विनंती. औद्योगिक प्रशिक्षण म्हणजे बंद वाट नव्हे. तेथून पदविकेच्या आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. वाट बदलणे हा पराभवही नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले. रंगांची पारख नीट होत नाही असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. अभ्यासक्रम मिळवून त्यातील व्याख्यानांचे आणि प्रात्यक्षिकांचे तास मोजावेत. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याशी बोलावे. एक संपूर्ण दिवस कार्यशाळेत उभे राहावे. तेलाचा वास, आवाज आणि पायांचा थकवा सोसूनही दुसऱ्या दिवशी जावेसे वाटले, तर ती आवड खरी.

तो विद्यार्थी काही वर्षांनी भेटला. टर्नरचे प्रशिक्षण घेऊन तो एका कारखान्यात लागला होता. म्हणाला, ‘‘सर, टेपर कापताना कोन काढावा लागतो. त्रिकोणमिती आता कळते.’’ गणित त्याला येतच नव्हते असे नाही. ते त्याच्यापर्यंत हातांच्या वाटेने यायचे होते. ती वाट मी त्याला आधीच दाखवू शकलो असतो. आपल्या पाल्याच्या बाबतीत हा विलंब होऊ नये, एवढेच सांगून थांबतो.